मधल्याची ड्यूटी

सामना संपला की थोरल्या भावाचा फोन यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "आज तुझी पाठ दिसली. तब्येत चांगली वाटली." पाठीऐवजी कधी कोपर असायचं, कधी कॉर्नरच्या गर्दीतलं अर्धं डोकं. एकदा अख्खा चेहरा टीव्हीवर दिसला होता, पण त्या वेळी तो पाण्याची चूळ भरत होता. थोरल्याने तेवढाच तुकडा सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

तिघा भावंडांत तो दुसरा. म्हणून घरात त्याला मधला म्हणत, आणि पुढे परदेशातल्या फुटबॉल क्लबात कामही त्याला मधलंच मिळालं. बचावफळीच्या पुढे आणि बाकी सगळ्यांच्या मागे उभं राहायचं. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो. मधला मात्र चेंडू जिथे येऊ शकतो तिथे आधीच जाऊन उभा असतो, आणि तो तिथे उभा दिसला की समोरचे चेंडू दुसरीकडे देतात. काम चोख झालं तर कॅमेरा त्याच्या वाटेला जातच नाही. इतकी वर्षं तो परदेशात खेळला, तीन क्लब बदलले, आणि प्रत्येक क्लबात प्रशिक्षकांनी संघ लिहिताना आधी त्याचं नाव लिहिलं. आईला मात्र टीव्हीसमोर बसून एकच शंका यायची. ती फोनवर आवाज खाली आणून विचारायची, "तिकडे तुला खेळवतात ना रे? की नुसतं बसवून ठेवतात?"

आईने मैदानावर बसून त्याचा एकही सामना पाहिला नव्हता. ती सरकारी रुग्णालयात परिचारिका होती, शेवटची कित्येक वर्षं पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात. शाळेचे आणि नंतर जिल्ह्याचे सामने रविवारी असत, आणि नेमक्या रविवारीच कुणाला तरी सुटी हवी असायची. कुणाचं मूल तापलेलं, कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे येणार. "सिस्टर, एवढी एक ड्यूटी बघाल का?" असं कुणी विचारलं की आईच्या तोंडून नाही निघत नसे. मधल्याचा पहिला करंडक तिने घरी येऊन फ्रिजवर ठेवलेला पाहिला, आणि त्यात धाकटीने कांदे भरून ठेवले होते म्हणून आधी धाकटीला फटका दिला. पुढे मधला परदेशी गेला. मग वडिलांना पक्षाघात झाला. त्यांचं सगळं आईनेच केलं, दुसऱ्या कुणाच्या हातचं तिला पटायचं नाही. वडील गेले. मग तिच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या, आधी एक, मग दुसरा.

या हंगामात तिने मैदानावर बसून सामना बघण्याचा योग जुळून आला, आणि उशिरा आला. हिवाळ्यातच क्लबाने मधल्याला चहाला बोलावून सांगितलं होतं की करार पुढे वाढवणार नाही. बोलणं सभ्यपणे झालं, त्यालाही ते अपेक्षित होतं. सकाळी पलंगावरून उठताना त्याचे गुडघे त्याच्याआधी बोलू लागले होते. दुसरा क्लब शोधायचा नाही, खेळणं इथेच थांबवायचं, असं त्याने आणि बायकोने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ठरवलं. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना हंगामाच्या अगदी शेवटी होता. थोरल्याने आईचा व्हिसा काढला, तिकीट काढलं आणि विमानतळावर सोडताना विमान कंपनीच्या बाईला बजावून सांगितलं की आमची आई दुसऱ्यांच्या पिशव्या उचलायला जाईल, तिला उचलू देऊ नका.

आईसाठी जागा निवडायला मधला स्वतः गेला होता. एका दुपारी सराव संपल्यावर रिकाम्या प्रेक्षागारात तो चढला आणि खुर्च्या बदलत बसला. खाली मैदानालगतच्या जागा खेळाडूंच्या घरच्यांसाठी राखलेल्या असतात. तिथून घाम दिसतो, चेहरे दिसतात, पण खेळाचा आकार दिसत नाही. त्याला वरच्या मजल्यावरची, मधोमध असलेली जागा हवी होती, जिथून बावीस माणसं एकदम डोळ्यांत मावतील. तिकीट खिडकीवरच्या बाईने त्याला समजावलं की खालच्या जागा जास्त चांगल्या असतात. तो म्हणाला, आईला चेंडू नाही, तिच्या मुलाला बघायचंय. बाईने आणखी काही न विचारता वरच्या शेजारशेजारच्या दोन जागा दिल्या. एक आईची आणि एक बायकोची.

त्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या शनिवारी दुसऱ्या गावी सामना होता, आणि घोळ तिथे झाला.

क्लब तळाशी होता. त्या सामन्यात बरोबरी तरी हवी होती. बरोबरी झाली तर खालच्या श्रेणीत जाण्याचं संकट टळणार होतं आणि घरचा शेवटचा सामना निवांत खेळता येणार होता. पण मधल्याच्या नावावर पिवळी कार्डं साचली होती. त्याच्या जागेवर खेळणाऱ्याच्या नावावर ती साचतातच. आणखी एक मिळालं तर पुढच्या सामन्यात बंदी, आणि पुढचा सामना म्हणजे आईचा सामना. प्रशिक्षकांनी त्याला खोलीत बोलावून दार लावलं. आई आलीय हे त्यांना माहीत होतं, सगळ्या क्लबाला माहीत होतं. "या वेळी बाहेर बसवू का?" त्यांनी विचारलं. "कुणी काही बोलणार नाही."

मधल्याने खरोखर विचार केला. लगेच नाही म्हणाला नाही. त्याच्या जागी येणारा पोरगा गुणी होता, पण अजून चेंडूकडे बघत खेळायचा. शेवटी मधला म्हणाला, "खेळतो. जपून खेळीन."

घरी बायकोला हे सांगितलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. चिमटा दातांत धरूनच ती हसली. "जपून? तू?"

सामन्याच्या दिवशी आई आणि बायको घरी टीव्हीसमोर बसल्या. आईला सोफ्यात बसवत नसे, रुतल्यासारखं होतं म्हणून. तिने जेवणाच्या टेबलाची ताठ खुर्ची ओढून घेतली आणि रात्रपाळीला बसावं तशी हात मांडीवर ठेवून बसली. समालोचन तिथल्या भाषेत होतं, त्यातलं अक्षर तिला कळत नव्हतं. ती सुनेला प्रश्न विचारत होती.

"हा कोण गं सारखा पळतोय?"

"तो डाव्या बाजूचा बॅक आहे, आई. घोडा म्हणतात त्याला सगळे. चांगला आहे, पण मागे काम असतं त्याचं आणि सारखा पुढे जातो."

"मग मागे त्याच्या जागेवर कोण?"

"तुमचा मुलगा."

"आणि मुलाच्या जागेवर?"

"तोच."

आईने मान डोलावली. असले वॉर्ड तिने पाहिले होते.

पूर्वार्धात मधल्याचा खांदा एकदा दिसला आणि मोजा एकदा. दोन्ही संघांचा एकेक गोल झाला होता. खेळ संपत आला तेव्हा घोडा नेहमीसारखा डाव्या कडेने सुसाट पुढे गेला आणि समोरच्या दोघांत अडकून चेंडू घालवून बसला. समोरच्या संघाच्या एका चपळ पोराला चेंडू मिळाला. त्याच्यापुढे अख्खं मैदान मोकळं होतं. कॅमेरा गर्रकन वळला, आणि त्या दिवशी प्रथमच मधला डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत आला. तो तिरका धावत आला. चेंडू त्याच्या आवाक्यात नव्हता, तो त्याने बघितलाही नाही. त्याने त्या पोराच्या कमरेला हात घातला आणि त्याला घेऊन खाली बसला. लाथ नाही, धक्का नाही. चक्कर आलेल्या माणसाला धरून जमिनीवर टेकवावं तसं.

"दिसला!" आई म्हणाली.

बायकोने उशी छातीशी घट्ट धरली होती. रेफरीने खिशातून पिवळं कार्ड काढलं. मधल्याने वाद घातला नाही. त्या पोराला हात देऊन उठवलं, आणि मग क्षणभर दोन्ही हात कमरेवर ठेवून तो प्रेक्षागाराच्या वरच्या मजल्याकडे बघत राहिला. ते मैदान परकं होतं. तिथे वर त्याचं कुणी बसलेलं नव्हतं.

"त्या मुलाला लागलं का?" आईने विचारलं. तिची ती जुनी सवय, आधी पडलेल्याकडे बघायचं. "नाही, उठला. चालतोय नीट. मग ते पिवळं कशाला दाखवलं?"

"ताकीद असते ती, आई."

"ताकीद देऊन सोडलं ना? मग बरं झालं."

सुनेने अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं सांगण्याचं काम तिचं नव्हतं, असं तिला वाटलं. फ्री किक भिंतीसारख्या उभ्या खेळाडूंवर आदळून बाहेर गेली आणि सामना बरोबरीत सुटला. क्लब वाचला. मैदानावर त्याच्या संघाची माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती, आणि आई टाळ्या वाजवत होती. थोरल्याचा फोन आला. त्याला नियम पाठ होते. "आज अख्खा दिसला गं," तो आईला म्हणाला, पण त्याला हसू आलं नाही. फोन सुनेकडे दे म्हणाला, आणि सून तो घेऊन आतल्या खोलीत गेली.

मधला दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचला. बॅग दारात टाकली, आईच्या पाया पडला, आणि हात धुऊन जेवायला बसायचं सोडून बाल्कनीत जाऊन बूट घासायला बसला. ते बूट आता लागणार नव्हते. एक ब्रश, मग दुसरा ब्रश, मग टाचेच्या खिळ्यांत अडकलेली माती काडीने. बायकोने दोनदा येऊन बघितलं आणि दोनदा परत गेली.

आई मटार सोलण्याचं भांडं घेऊन बाल्कनीच्या दारात येऊन बसली. शनिवारी काय घालू, ती विचारत होती. जाड कोट आणलाय पण तो घातला की मी गादीच्या गुंडाळीसारखी दिसते. वर वारा लागेल का? तिथे पाणी न्यायला देतात का? चष्मा लांबचा घेऊ की दोन्ही घेऊ?

"आई," मधला म्हणाला, "शनिवारी मी खेळणार नाही. त्या कार्डामुळे मला बंदी आहे."

आईचा हात मटाराच्या शेंगेवर थांबला. मग तिने ती शेंग फोडली, दाणे भांड्यात पाडले, आणि दुसरी घेतली.

"एवढ्या लांब आले रे," ती मटारांना म्हणाली.

बूट मधल्याच्या हातात तसाच होता. आतून बायकोने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

बऱ्याच शेंगा झाल्यावर आईने विचारलं, "कुणाची ड्यूटी होती ती?"

"ड्यूटी नसते आई, खेळ असतो तो."

"ते कळलं. जो पोरगा निसटला, त्याला कुणी बघायचं होतं?"

"घोड्याने."

"आणि घोडा कुठे होता?"

"पुढे."

"म्हणजे बदली ड्यूटी केलीस."

"हो."

"नसती केलीस तर?"

"गोल झाला असता. बहुतेक. क्लब खाली गेला असता."

आईने भांडं उचललं. ओट्यावर ठेवलं, न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली. बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता आणि चष्मा पुसलेला होता. मधल्याच्या डोक्यावरून हात फिरवत ती म्हणाली, "चल, जेवून घे. ते बूट घासून घासून फाटतील."

त्या आठवड्यात आईने पुन्हा त्या सामन्याचा विषय काढला नाही. ती सुनेबरोबर बाजारात गेली, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या माणसाशी हातवाऱ्यांनी बोलून आली, आणि मधल्याचे दोन्ही गुडघे दाबून बघून म्हणाली की यांना वेळेवर सुटी मिळतेय. पण संध्याकाळी ती बाल्कनीत उभी राहून दूरवर दिसणाऱ्या मैदानाच्या दिव्यांच्या खांबांकडे बघत राही. ते मधल्याला दिसायचं, आणि तो काही ना काही निमित्त काढून आत जायचा.

बुधवारी दारावरची घंटा वाजली. दारात घोडा उभा होता, दोन्ही हातांत फळांच्या पिशव्या. संत्री, सफरचंदं, द्राक्षं. आईने पिशव्यांकडे बघितलं आणि सुनेला विचारलं, "कोण आजारी आहे?"

घोडा सहा फुटांहून उंच होता, पण त्या दिवशी तो दाराच्या चौकटीत सहज मावला. तो त्याच्या भाषेत बोलला, सून मराठीत सांगत गेली. माझ्यामुळे झालं, मी प्रशिक्षकांना भेटलो, संघटनेच्या कचेरीत फोन केला, बंदी उठत नाही म्हणतात. तुम्ही एवढ्या लांबून आलात. मला तुमच्याकडे बघवत नाही.

"त्याला म्हणावं, आधी बस," आई म्हणाली. घोडा बसला, सोफ्यात रुतला. आई ताठ खुर्चीवरून सरळ त्याच्याशी मराठीत बोलू लागली, आणि तो सुनेकडे न बघता आईकडे बघत ऐकू लागला. "पुढे जायला माझी ना नाही. तरणा आहेस, जावंसं वाटणारच. पण जाताना हाक मारून जावं बाबा. आम्ही चहाला जरी वॉर्डाबाहेर गेलो तरी शेजारणीला सांगून जायचो."

सुनेने सांगितलं. घोड्याने ते गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की तो हाक मारणारच असतो, पण वळून बघितलं तर हा आधीच त्याच्या जागेवर येऊन उभा असतो. मग हाक कुणाला मारायची?

आईने मधल्याकडे बघितलं. तो संत्रं सोलत होता आणि ते कुणाला द्यायचं हे त्याला सुचत नव्हतं.

"लहानपणापासून हा असाच," आई सुनेला म्हणाली. "मी ड्यूटीवर. थोरला गॅसवर दूध ठेवून पतंग उडवायला जायचा. धाकटी नळ सोडून मैत्रिणीकडे. मी घरी यायचे तर ना दूध उतू गेलेलं, ना पाणी वाहिलेलं. मला वाटायचं, माझी पोरं किती शहाणी. सगळी शहाणी असतील असंच धरून चालले मी." ती थांबली. "याचा अभ्यास तेवढा राहिलेला असायचा. त्यावरून मार खायचा."

सुनेने यातलं सगळं घोड्याला सांगितलं नाही. दुधाचं सांगितलं. घोडा हसला. जाताना त्याने आईचे दोन्ही हात हातात घेतले. आईने त्याच्या मनगटाची नाडी बघून घेतली, सवयीने.

शनिवारी दुपारी मधला कपाटासमोर उभा राहिला आणि काय घालावं हे त्याला कळेना. इतक्या वर्षांत शनिवारी त्याचे कपडे क्लबात खुंटीवर लटकवलेले असत. बंदी असलेल्या खेळाडूला कपडे बदलण्याच्या खोलीत जाता येत नाही, राखीव खेळाडूंच्या बाकावरही बसता येत नाही. क्लबाने सांगितलं होतं की सामना संपल्यावर त्याला मैदानात बोलावून निरोप देतील. तोवर कुठेही बसा. पण तिकिटं संपली होती.

बायकोने तिचं तिकीट त्याच्या हातात ठेवलं.

"आणि तू?"

"मी तुला रोज बघते," ती म्हणाली. "मी घरी बसून फळं संपवते."

आईने शेवटी तो जाड कोट घातलाच. दोघं इतर प्रेक्षकांबरोबर जिना चढले. लोक मधल्याला ओळखून वाट देत होते, कुणी पाठीवर थाप मारत होते, एका म्हातारबाबांनी त्याच्याशी हात मिळवला आणि सोडलाच नाही. आई मागून म्हणाली, "चल रे पुढे, गर्दी तुंबलीय." वर पोचल्यावर तिने खुर्ची रुमालाने पुसली, पर्स मांडीवर ठेवली, चष्मा लावला आणि खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

"केवढं आहे हे," ती म्हणाली. "टीव्हीत अंगणाएवढं दिसतं."

सामना सुरू झाला. आई सगळ्यांसारखी चेंडूकडे बघत होती. चेंडू डावीकडे गेला की तिची मान डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. मधल्याच्या जागी तो गुणी पोरगा खेळत होता आणि चेंडूकडे बघत खेळत होता. मधला तिच्या शेजारी हात जॅकेटच्या खिशात कोंबून, ओठ मिटून बसला होता.

थोड्या वेळाने आईने त्याच्या कानाशी येऊन विचारलं, "तू कुठे असतास?"

त्याने बोट दाखवलं. तिथे कुणीच नव्हतं. दोन बचावपटूंच्या थोडं पुढे गवताचा रिकामा तुकडा होता.

"तिथे तर काहीच चाललेलं नाही."

"मी तिथे असलो की चालत नाही."

आईने यावर जरा विचार केला. "आणि आता?"

बोट थोडं उजवीकडे सरकलं. "आता?" पुन्हा मागे. "आता?" मग ती विचारायची थांबली. चेंडूवरची नजर काढून ती बोटाच्या टोकाकडे बघू लागली, आणि बोट सतत फिरत होतं. चेंडू एका ठिकाणी रेंगाळला तरी बोट थांबत नव्हतं. तिला दम लागल्यासारखं झालं. "एवढं चालतोस?" तिने विचारलं. "बसत कधी नाहीस का मध्ये?"

उत्तरार्धात मधल्याने हात पुन्हा खिशात घातले. लोक त्याच्याकडे बघू लागले होते, त्याला संकोच वाटला. पण तेवढ्यात घोडा डाव्या कडेने उधळला, आणि आईच्या खांद्यावर दणका बसला. मधला डावीकडे सरकला होता, पूर्ण अंगानिशी, आणि डावीकडे आई बसली होती. "सॉरी, सॉरी," तो म्हणाला आणि नीट बसला. घोडा मागे आला. खेळ उजवीकडे गेला. मग घोडा पुन्हा उधळला, आणि खांद्यावर पुन्हा दणका. त्याला कळतही नव्हतं. नजर खाली मैदानात, जबडा आवळलेला, आणि शरीर आपलं आपण घोड्याची जागा भरायला निघालेलं.

आईने त्याच्याकडे बघितलं. मैदानाकडे पाठ करता येत नव्हती म्हणून अर्धं अंग वळवून, चष्मा वर करून नीट बघितलं, एखाद्या रुग्णाकडे बघावं तसं, घाई न करता. त्याच्या कानशिलावर घाम आला होता. तो न खेळताही दमला होता. त्यानंतर ती मैदानाकडे फारशी बघत नव्हती. लोक ओरडत होते त्यावरून चेंडू कुठे आहे ते तिला कळत होतं आणि बाकीचं तिच्या शेजारी चाललं होतं.

शेवटाकडे घोडा पुन्हा निघाला. यावेळी निघण्याआधी त्याने वळून हात वर केला आणि मध्यभागातल्या पोराला हाक मारली. हाक वर ऐकू येणं शक्य नव्हतं, पण हात सगळ्यांना दिसला. तो पोरगा जागा भरायला धावला. जरा उशिरा धावला, पण धावला.

आईने पर्स उचलून दुसऱ्या बाजूला घेतली आणि दणका बसायच्या आधीच खुर्चीच्या डाव्या कडेला सरकून बसली. मधल्याला जागा झाली. तो सरकला आणि कुणाला लागलं नाही.

सामना कुणी जिंकला नाही. मग ध्वनिक्षेपकावरून मधल्याचं नाव पुकारलं गेलं, वाटाड्या म्हणून क्लबाचा एक माणूस वर आला आणि मधल्याला जिन्याने खाली घेऊन गेला. आईला ती जागा आता उपयोगी पडली. साध्या पँट-जॅकेटमधला एक माणूस बोगद्यातून बाहेर आला, आणि सगळं मैदान मोकळं असताना, टाळ्या चारी बाजूंनी पडत असताना, तो मधोमध न जाता दोन बचावपटूंच्या थोडं पुढे असतो तेवढ्या अंतरावर जाऊन थांबला. तिथून त्याने वर बघितलं. आईने हात हलवला नाही. तो दिसतोय तोवर बघून घ्यावं म्हणून दोन्ही हातांनी चष्मा धरून बसली होती.

संध्याकाळी घरी चहा होत असताना थोरल्याचा फोन आला. मधला आंघोळीला गेला होता. फोन आईनेच उचलला. थोरल्याचा आवाज जपून येत होता. आईची समजूत कशी काढायची याची त्याने तयारी केलेली असावी.

"काय गं, वाईट वाटलं का?" त्याने विचारलं. "एवढ्या लांब जाऊन तो दिसला नाही तो नाहीच."

"कोण म्हणतं? सगळा वेळ दिसत होता."

"आई, तो खेळलाच नाही आज."

"तू टीव्हीवर बघितलंस ना, मग तुला कसं कळणार," आई म्हणाली, आणि फोन कानाशी धरूनच सुनेला हाक मारली. "अगं, गरम पाण्याची पिशवी आहे का घरात? हा खांदा जरा शेकायचाय."